देंगच्या डोक्यावरचं पाणी

"तुम्ही त्या बाईला फक्त एवढंच सांगायचं, की ते पाणी धरायचं नाही," अबूना इस्तफान म्हणाले. "पुढचं आम्ही बघू."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"नझीहाबाई, जरा शांतपणे ऐका..."

"शांतच आहे मी. शांतपणेच सांगतेय, नाही सांगणार."

टेबलाभोवती सातजण बसले होते, अरब मुलखातल्या आमच्या झाहले शहरातल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांचे सात धर्मगुरू. अबूना, म्हणजे आमच्याकडचे फादर, हे त्यांतलेच एक. कुणी दाढी कुरवाळत होतं, कुणी कॉफीच्या कपात बघत होतं. माझ्या एका बाजूला सिस्टर अफीफे मान खाली घालून जपमाळ ओढत होती. दुसऱ्या बाजूला वाकीम, एवढा धिप्पाड गडी, पण मास्तरांनी उभं केल्यासारखा चेहरा करून बसला होता. तोंड फक्त माझं चालू होतं. ते तसंही बंद कुठे असतं म्हणा!

"ठीक आहे," अबूना म्हणाले. "मंगळवारपर्यंत विचार करा. मंगळवारीही उत्तर हेच असलं, तर गुरुवारी कुणी म्हणजे कुणीही जाणार नाही. दवाखान्याला कुलूप लागेल."

आता हा दवाखाना कुठला आणि पाणी कसलं, ते सांगते.

आमच्या झाहलेत गल्लीगल्लीला चर्च आहे आणि प्रत्येकाला वाटतं, देव आपल्याच गल्लीत राहतो. मी रूमी ऑर्थोडॉक्स. माझी शेजारीण मारोनी, म्हणजे कॅथलिकांतलीच एक शाखा. आमचे ईस्टरसुद्धा एका दिवशी येत नाहीत. तिचा उपास सुटलेला असतो, माझा चालू असतो, आणि ही सटवी नेमकी माझ्या खिडकीखाली शेगडी मांडून मांस भाजते. वर हाक मारते, "नझीहा, धूर येतोय का गं?" मीही माझ्या ईस्टरला तिची झोपमोड करून दर वर्षी फेड करते. असं आमचं प्रेम. फक्त वर्षातून एक गुरुवार, ख्रिस्तदेहाच्या सणाला, सगळं शहर एका मिरवणुकीत चालतं. फार पूर्वी इथे प्लेग आला होता, तेव्हापासूनचा हा रिवाज. त्या दिवशी कोण कुणाचं, कुणी विचारत नाही. शुक्रवारी सकाळी पुन्हा विचारायला लागतात.

अबूना इस्तफानांनी या एका गुरुवारावर सगळा डाव मांडला. ते कॅथलिक, पण बाकीची सहाही दारं त्यांनी झिजवली. शिव्या खाल्ल्या, चहा प्यायले, आणि शेवटी सगळ्यांना एका टेबलाशी आणून बसवलं. आपण मिळून परदेशी सेवेला माणसं पाठवू, म्हणाले. एकट्यादुकट्या मंडळीची नाही, शहराची. दक्षिण सुदानमध्ये मापेर नावाच्या गावात दवाखाना काढला. दर वर्षी सणाच्या दिवशी सातजण डोक्यावर हात ठेवणार आणि आम्ही निघणार. मी सुईण, अफीफे मारोनी जोगीण आणि नर्स, वाकीम इंजिली, म्हणजे प्रोटेस्टंट. विहिरीचे पंप आणि जनरेटर सांभाळणारा. कित्येक वर्षं आम्ही तिघं एका कढईतलं खातो. हे सगळं उभं केलं ते अबूनांनीच, हे मी त्यांच्या तोंडावरही कबूल करीन. म्हणून तर जास्त संताप येतो.

या सातजणांनी एक अट घातली होती. तिकडे औषध द्या, बाळंतपणं करा, विहिरी दुरुस्त करा, पण बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांना हात लावायचा नाही. कारण उघड आहे. एकाने बाप्तिस्मा दिला की बाकीचे सहा ओरडणार, आमच्या सगळ्यांच्या गाडीतून जाऊन हा आपली मेंढरं वाढवतोय! आम्ही तिघांनी शुभवर्तमानावर हात ठेवून शब्द दिला होता.

तो शब्द मी मोडला. भर दुपारी, उघड्या दारात, पन्नास बायकांसमोर.

अचोल नावाची पोरगी होती. गुरांच्या छावणीतून तिला खाटेवर घालून आणलं. पोर पायाळू. मी कोपरापर्यंत हात घालून ते फिरवलं, ओढलं, बाहेर आलं तर निळंशार. रडणं नाही, हलणं नाही. अफीफे छाती चोळत होती. माणसं कमी, म्हणून वाकीमला आत ओढला होता. तो तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबत होता. पंपवालाच तो, त्याचा हात बरोबर बसला. आणि खाटेवरून अचोल ओरडत होती, "मावशी, पाणी! मरायच्या आधी पाणी! माझं पोर देवाविना जाईल!" तिचा पाद्री नदीपलीकडे, पुराच्या पाण्यात रस्ता गेलेला. मरणाच्या दारात कुणीही पाणी घालू शकतं, हे आमच्यात आहे, अफीफेच्यातही आहे. पण आम्ही शब्द दिला होता ना! मी अफीफेकडे बघितलं, तिने माझ्याकडे. मी बादली ओढली.

आमच्यात मूल तीनदा पाण्यात बुडवतात. पित्याच्या नावाने मी एकदा बुडवलं, आणि जे काही थोडं धुगधुगत होतं तेही थांबलं. अफीफेने माझ्या हातातून पोर हिसकावलं. "मारशील त्याला!" म्हणून ओरडली, मांडीवर घेतलं आणि त्यांच्या रीतीने ओंजळीने डोक्यावर ओतलं, पुत्राच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या नावाने. नाव काय ठेवायचं हे आम्हा दोघींपैकी कुणाला सुचलंच नाही. वाकीम फुगा दाबता दाबता ओरडला, "अगं, नाव काय पोराचं?" अचोल म्हणाली, "देंग." मग वाकीमनेच मोठ्याने म्हटलं, "देंग! आमेन!" आणि हा वाकीम कोण, तर ज्यांच्यात लहान मुलाला बाप्तिस्मा देणंच चूक मानतात, त्यांच्यातला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आणि देंग रडला. असा रडला, असा रडला, की बाहेरच्या बायकांनी एकच गलका केला.

हे झालं ते असं. आता सांगा बघू, तो कुठल्या मंडळीचा?

आम्ही घरी येऊन चकार शब्द काढला नाही. पण तिकडच्या वाऊ शहराच्या बाजारात आमच्या झाहलेचाच एक दुकानदार बसतो. अचोल देंगला पाठीशी बांधून त्याच्या दुकानात गेली आणि कौतुकाने सांगून आली, तुमच्या गावच्या लोकांनी याला बाप्तिस्मा दिला. तो सुट्टीला आला आणि न्हाव्याकडे बोलला. न्हाव्याकडे बोलला म्हणजे संपलंच. संध्याकाळपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक टेबलावर अरकच्या पेल्यासोबत देंग होता. बुडवलं असेल तर पोर ऑर्थोडॉक्सांचं, ओतलं असेल तर कॅथलिकांचं. पोर जगलंय, म्हणजे आता बाप्तिस्म्यानंतरचं पवित्र तेल लावायचं, ते कुणी लावायचं? पाणी ज्याचं, तेल त्याचं. सातजण एकमेकांना फोन करायला लागले.

आम्हाला विचारलं तेव्हा आम्ही तिघांनी मुळी उत्तरच दिलं नाही. एकीचं नाव घेतलं असतं तर ती मंडळी बाहेर पडली असती, आणि खरं सांगितलं असतं तर सातहीजण म्हणाले असते, हा कुठला बाप्तिस्मा, ही तर खिचडी! शेवटी अबूनांनी तोडगा काढला. चिठ्ठी टाकून एक धर्मगुरू निवडायचा, तो आमच्याबरोबर येणार, पोराला नव्याने बाप्तिस्मा देणार. आणि अचोल आम्हाला ओळखते, तिचा आमच्यावर विश्वास, म्हणून आम्हीच तिला सांगायचं, की पहिलं ते काही खरं नव्हतं, ते धरायचं नाही.

का नाही धरायचं? माझ्या हातातलं मेलेलं पोर रडलं, आणि ते धरायचं नाही?

शनिवारी माझा चुलतभाऊ मित्री आला. मित्री आमच्याच चर्चचा धर्मगुरू, त्या सातांतला एक. गावासाठी तो खूरी मित्री, माझ्यासाठी अजून नाक वाहणारा मित्री.

"ताई, ऐक माझं," कॉफी ओतायच्या आधीच तो सुरू झाला. "तू एवढंच म्हण, तीनदा बुडवलं. बास. आपलं पोर म्हणून मी छातीठोकपणे उभा राहतो."

"आणि अफीफे?"

"तिचा काय संबंध?"

"अच्छा! म्हणजे मी वाचते आणि ती मठात जाऊन भांडी घासते."

"ती काय तुझी बहीण लागते?"

"बहिणीपेक्षा जास्त लागते. तापात पडले होते तेव्हा माझी घाण तिने काढली आहे, मित्री. तू आला होतास का काढायला?"

तो ओशाळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, बायकांची बाळंतपणं अडतील तिकडे. एका शब्दासाठी? तुझा हट्ट त्यांना भोवेल."

हे मात्र लागलं मला, कारण ते खरं होतं. मापेरमध्ये दुसरी सुईण नाही. आम्ही गुरुवारी निघालो नाही तर पावसाआधी कुणी पोचणार नाही, आणि मग झाडाखाली बाळंत होणाऱ्या बायकांपैकी किती जगतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एक शब्द बोलायचा, आणि दार उघडतं. पण तो शब्द अचोलला ऐकवायचा. देव तुझ्या पोराला भेटला असं तुला वाटलं ना, तर तो भेटलाच नव्हता, असं तोंड वर करून तिला सांगायचं. छे! जमणार नाही.

बाकीच्या दोघांनाही असंच गाठलं होतं. अफीफेला मठाच्या मोठ्या मदरने बोलावून आज्ञापालनाची आठवण करून दिली. वाकीमला त्याच्या पास्टरने सांगितलं, तू फक्त फुगा दाबत होतास असं म्हण, ते खरंच आहे. वाकीम मला म्हणाला, "मावशी, मी त्यांना सांगितलं, फुगा तर दाबलाच, पण आमेनही मीच म्हटलं. आणि मनापासून म्हटलं. आता ते आमेन मी कुठे टाकू?" असं म्हणाला आणि माझ्या ताटातलं अर्धं किब्बे उचलून खाल्लं. भूक मात्र कधी मरत नाही मेल्याची.

मंगळवारी दुपारी पुन्हा सभा. वीज गेलेली, पंखा बंद, सातहीजण काळ्या झग्यांत घामाघूम. औषधांची खोकी बाहेर व्हरांड्यात बांधून तयार होती. सातही मंडळ्यांच्या बायकांनी बाळांसाठी विणलेल्या टोप्यांची पोती त्यांच्यावर ठेवली होती.

"झाला विचार?" अबूनांनी विचारलं.

"झाला," मी म्हटलं. "शब्द मोडला हे कबूल. त्याची काय शिक्षा द्यायची ती द्या, मी घेते. पण अचोलला काही सांगणार नाही."

"सिस्टर?"

अफीफेने मान वर केली. आयुष्यभर या बाईने वरिष्ठांसमोर आवाज चढवलेला नाही. "मला आज्ञा आहे, अबूना, की मी जावं आणि सांगावं," ती म्हणाली. "मी जाईन. पण तिच्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून ते निघणार नाही, हे आजच सांगते. मग म्हणू नका."

"वाकीम?"

"मी या दोघींबरोबर."

अबूनांनी टेबलावर हात आपटला. कप नाचले. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? हे टेबल जमवायला माझे केस पांढरे झाले! इथे एक जण उठून गेला की बाकीचे उठणार. पुन्हा सात मंडळ्या एकत्र बसवायला मी जिवंत नसेन. एका पोरासाठी मी हे सगळं मोडू?"

त्यांचा आवाज फाटला. खरंच घाबरले होते ते. मला क्षणभर दया आली, पण तोंडाने ऐकलं नाही.

"मोडू नका ना! तुम्हाला वाटतं की ते पाणी धरायचं नाही, तर तुम्ही सांगा तिला. तुम्ही शिकलेले, अधिकारी माणूस. माझ्या तोंडून कशाला? हा घ्या फोन."

"काय?"

"तिचा भाऊ मजोक आपल्या दवाखान्याचा राखणदार आहे. अचोल आता तिथेच झाडलोट करते. लावते मी. बोला."

"नझीहाबाई, हा काय पोरखेळ आहे?"

पण मी लावला होता. स्पीकर चालू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. मजोक बोलला, मग बकऱ्यांचा आवाज, बायकांचा कालवा, आणि मग अचोल. तिकडच्या बाजारात बोलतात तसली मोडकीतोडकी अरबी तिची, पण आम्हाला कळते.

"मावशी? मावशी, कधी येतं?"

"अचोल, इथे आमच्या गावचे मोठे पाद्री बसलेत. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

"पाद्रीबाबा!" तिचा आवाज एकदम खुलला. "बाबा बरं आहे? घर बरं आहे? गाई बरं आहे?"

अबूनांनी घसा खाकरला. "मी... हो. गाई नाहीत मला." कुणीतरी हसलं. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की हसू घशातच अडकलं. "अचोल, मुली, एक विचारायचं होतं. देंगचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चचा?"

"झाहले."

"झाहले हे शहराचं नाव आहे, मुली. चर्च कुठलं?"

"झाहले चर्च, बाबा. मावशी बुडवलं, सिस्टर ओतलं, वाकीम नाव बोललं. मी विचारलं तुम्ही कोण, तिघं बोललं, आम्ही झाहले. मी सगळ्याला तेच सांगतं. देंग झाहले चर्चचा."

झालं! एवढे दिवस तोंडं शिवून बसलो होतो आम्ही, आणि पोरीने एका दमात सगळं ओकून टाकलं. मित्री माझ्याकडे बघायला लागला, पास्टर वाकीमकडे. बुडवलं? आणि वर ओतलंही? मी अबूनांकडे बघत होते.

"सांगा आता," मी हळूच म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिकडे अचोलला ती शांतता ऐकू गेली असावी. तिचा आवाज बदलला.

"बाबा? पाणी चांगलं नव्हतं? चूक झालं?"

अबूनांनी कपाळावरचा घाम पुसला.

"बाबा, माझी आई मेली. तेव्हा देंग तिच्या मांडीवर दिलं. मी बोललं, आई, हा देवाचा झाला, तू घाबरू नको, तिकडे भेटेल तुला. ती हसलं, मग गेलं. आता चूक असेल तर... मी आईला कसं सांगू?"

अफीफे तोंडाला ओढणीचं टोक लावून रडायला लागली. मी तोंडाला कुलूप घातलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा.

अबूना इस्तफानांनी फोन दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाजवळ धरला. "नाही," ते म्हणाले. मग मोठ्याने, जणू ती बहिरी आहे असं, "नाही मुली! पाणी चांगलं होतं. चूक काही नाही. झालाय त्याचा बाप्तिस्मा. तो एकदाच होतो, पुन्हा करत नाहीत. कुणी विचारलं तर सांग, झाहलेच्या पाद्रीने सांगितलंय. तुझ्या आईला तू खरंच सांगितलंस."

"देव भलं करो बाबा. मग मावशी कधी येतं? इथे चार बायका पोट घेऊन बसलं."

त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. एकेकाच्या तोंडावर थांबवली. मित्री काहीतरी म्हणणार होता, त्याने कॉफीचा रिकामा कप तोंडाला लावला.

"गुरुवारी निघतायत," अबूना म्हणाले. "तिघंही."

फोन ठेवल्यावर सगळेच एकदम बोलायला लागले, तेल कुणाचं, कोण लावणार, त्यांच्याच पाद्रीला नदीपलीकडून बोलवायचं का. अबूना थकल्या आवाजात म्हणाले, "त्यांचा पाद्री नदी ओलांडून आला की त्यांचं ते बघतील. आपल्याला कुणी विचारलंय?" त्यानंतर माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते, पण रागही होताच.

"माझ्यावर अशी वेळ आणलीत तुम्ही. भर सभेत."

"हो, आणली."

"पुन्हा असं काही झालं तर? पुन्हा शब्द मोडाल?"

"पोर निळं पडलं आणि आईने पाणी मागितलं, तर पुन्हा मोडीन, अबूना. आत्ताच सांगून ठेवते. गुरुवारी पाठवायचं तर हे ऐकून पाठवा."

गुरुवारी मिरवणूक चौकात थांबली आणि सातहीजणांनी पाळीपाळीने आम्हा तिघांच्या डोक्यांवर हात ठेवले. अबूना इस्तफानांचा हात माझ्या डोक्यावर जरा जोरातच पडला. पडू दे.